लिटरभर पाण्याचं औषध

नांदूरघाटच्या अलीकडे दूध सोसायटीने चारा छावणी उघडली, त्या दुष्काळात माझी निम्मी नोकरी शेणामुतातच गेली. मी उपकेंद्राची नर्स. पण गाईम्हशींच्या मागोमाग अर्धं गाव छावणीत राहायला गेलेलं. मग उपकेंद्रात बसून काय माश्या मारायच्या? मी औषधांची पेटी घेऊन तिथेच जायची. पाणी टँकरचं. आधी जनावरांचा हौद भरायचा, मग बायकांच्या घागरी. सोसायटीचे चेअरमन भोंग्यावरून दिवसभर ओरडायचे, "पाणी जपून वापरा!" त्या भोंग्याचा मला मनस्वी राग यायचा.

अशा पाण्याने हगवण लागणारच होती, ती लागली. मी ओआरएसची पाकिटं वाटली. सबंध पाकीट, लिटरभर पाणी, उकळून गार केलेलं, चमच्याचमच्याने पाजा. नुसत्या माना डोलावलेल्या मला चालत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी नको, म्हणून मी प्रत्येकीकडून ते म्हणवून घ्यायची. एक तरुण आई होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, ही दोन गाई आणि दीड वर्षाची पोर घेऊन छावणीत. तिने न अडखळता सगळं म्हणून दाखवलं. मी तिला शाबासकीसुद्धा दिली.

दुसऱ्या दिवशी लांबूनच त्या पोरीचं रडणं ऐकू आलं. हगवणीने गळालेलं लेकरू कण्हतं. ही कर्कश किंचाळत होती. अंग तापलेलं, जीभ कोरडीठाक. पोटाची कातडी हाताला मळलेल्या कणकेसारखी लागली. मधूनच हातपाय झटके देत होते. मी घाबरले. नुसती हगवण अशी दिसत नाही.

"काय पाजलंस हिला?"

"तुमचंच औशद." तिने चहाचा कप पुढे केला. तळाशी थोडं उरलं होतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. लोणच्याचा खार परवडला!

"किती पाण्यात कालवलंस?"

"ह्योच कप भरून."

"सबंध पाकीट?"

"व्हय. कालपासून तीन झाली."

जे औषध लेकराला वाचवतं, तेच एवढ्याशा पाण्यात दिलं की मीठ अंगातलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतं आणि मेंदूवर जातं. मी किंचाळलेच, "तोंडपाठ म्हणून दाखवलंस ना गं मला? मग का केलंस असं?" ती पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहिली.

चेअरमनना म्हटलं, भोंगा ठेवा आणि जीप काढा. त्यांनी मुकाट्याने काढली. वाटेत पोरीला फिट आली. मी तिला कुशीवर धरलं, तोंडात कुणाला काही घालू दिलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन अगदी हळूहळू सोडलं. एकदम पाणी देणंही अशा वेळी घातक असतं. पोर जगेल की नाही, हे तेही सांगेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले आणि आईच्या हातातल्या फुलपात्राकडे हात केला. आई रडली. खरं सांगते, मीही रडले. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी तोंडाने पाजायला परवानगी दिली. तिथल्या सिस्टरने पूर्ण लिटरभर पाण्यात पाकीट कालवून जग भरून ठेवला.

पुढच्या दिवशी मी चेअरमनच्या जीपने पोरीला बघायला गेले, तेव्हा संध्याकाळ होत आली होती. सिस्टरने तो अर्धा उरलेला जग उचलला आणि मोरीकडे निघाली. "कालचं झालं हे. ओतून टाकते, ताजं करून देते."

आई ताडकन उठली आणि तिने सिस्टरचं मनगट धरलं. "सांडू नका बाई! मी पिते, पर सांडू नका."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अगं, नियम आहे तो. जास्त वेळ ठेवलेलं लेकराला बाधतं."

"ठावं हाय मला. तुमीच सांगितलं व्हतं, उरलं तर दुसऱ्या दिशी सांडून द्या म्हनून." तिने मनगट सोडलं नव्हतं. "लिटरभर कालवायचं, लेकरू पिनार वाटीभर, अन् बाकी मातीत वतायचं? छावनीत? म्हनून मी उरलंच न्हाई पायजे इतकंच कालवलं, बाई."

मी हिला अडाणी समजून बसले होते. हिने तर माझा शब्द न् शब्द ऐकला होता.

सिस्टरने जग तिच्या हातात दिला. तिने तो तिथेच उभ्याने तोंडाला लावला आणि घटाघट रिकामा केला. मी धावत बाहेर आले, जीप कुठे आहे ते बघायला. उरलं तर सांडून द्या, हे मी छावणीतल्या एकूण एक आईला बजावून सांगितलं होतं.