बोलता येईल इतकीच चाल

एकलहऱ्याला आमच्या शेजारी राहणारे सावळीराम तिथल्या वीजकेंद्राच्या बॉयलरवरून रिटायर झाले आणि पळू लागले. रोज सकाळी, मागे कुत्रं लागल्यासारखे. लेक स्नेहलने मालेगावच्या उमरशी लग्न केलं, त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव टाकलं होतं. मला ते कधीच पटलं नाही, पण मला विचारतो कोण! धाप लागली की माणसाला विचार करावा लागत नाही, हे मात्र त्यांनी बरोबर हेरलं होतं.

तब्येत सुधारायच्या ऐवजी उतरली. अंग ठणकायचं, झोप नाही, सर्दी हटेना. शेवटी मीच त्यांना नाशिकरोडला डॉक्टर तरन्नुम मॅडमकडे नेलं. त्यांनी मलाही समजेल असं सांगितलं. प्राणवायू वापरूनच शरीर ताकद काढतं, त्यात थोडे उपद्रवी कण तयार होतात. त्यांना आवरणारी राखण शरीराकडे असतेच. झेपेल तेवढ्या नियमित व्यायामाने ती वाढते. पण रोज ताकदीबाहेर पळालं आणि विश्रांती दिली नाही, तर कण वरचढ होतात.

"मग राखणीच्या गोळ्या द्या की," सावळीराम म्हणाले.

"आणि गोळ्या खाऊन पुन्हा तसंच पळणार? शरीराला स्वतःची राखण वाढवू द्या, काका. चालताना बोलता येईल एवढाच वेग ठेवा."

बोलायला माणूस हवा, म्हणून त्यांच्या बायकोने, भागीबाईंनी, मला जुंपलं. सुरुवातीला गडी बॉयलरवर बोलला, मग कांद्याच्या भावावर, मग नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकवर. एके दिवशी विषयच संपले. मीही मुद्दाम नवा काढला नाही. माझी मुलगी स्नेहलची मैत्रीण, हे त्यांना ठाऊक होतं.

समोर बघतच त्यांनी विचारलं, "बरी हाय का ती?"

"बरी आहे."

"अन् तो?"

"जीव लावतो तिला. ती मात्र तुमच्या फोनची वाट बघते."

मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. आता हे पळत सुटणार, असं वाटलं. पण ते पळाले नाहीत.

"तिला म्हणावं..." एवढ्यावरच वाक्य अडलं. चाल तीच होती, तरी त्यांना दम लागला होता.

मी स्नेहलला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीच म्हणा."