व्याह्यांना केलेला आग्रह

आमचे व्याही इंग्लंडात टीव्हीवर गाजलेले. विनोद करायचे, मधेच ट्रम्पेट वाजवायचे, पुन्हा विनोद. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, चला, घरात एक तरी हसवणारा येतोय. आमच्या रेल्वेतल्या गृहस्थांना निवृत्तीनंतरही हसायला वरून मंजुरी लागते.

गेल्या गणपतीत लेक त्यांना घेऊन चेन्नईजवळ आमच्या तांबरमला आली आणि आमच्या मराठी मंडळाने त्यांचा कार्यक्रम ठेवला. आदल्या दिवशी ट्रम्पेट पुसता पुसता ते लेकीला म्हणाले की त्यांचं सगळं चित्रण रिकाम्या स्टुडिओत व्हायचं आणि हसण्याचा आवाज मागाहून घालायचे. आयुष्य त्यात गेलं, पण आपल्या विनोदाला खरंच कोणी हसलं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. उद्या कळेल, म्हणाले. लेकीने ते मला सांगितलं. अशा वेळी मला एकच उपाय सुचतो. मी नारळ खवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. त्यांच्याकडे ताट स्वच्छ करणं ही सभ्यता. आपल्याकडे रिकामं ताट म्हणजे वाढणारीची अब्रू गेली. ते ताट चाटूनपुसून संपवायचे, मी मोदक वाढायची. लेकीने त्यांना ‘पुरे’साठी तमिळ ‘पोदुम’ शिकवलं होतं. इतकी वर्षं इथे काढल्यावर मला ते कळत नाही असं नाही, पण माझ्या पंगतीत ते चालत नाही. लेक डोळे वटारत होती, मी तुपाची धार सोडत होते.

संध्याकाळी व्याह्यांनी मंचावर ट्रम्पेट ओठांना लावलं, आणि फुस्स. श्वासाला पोटात जागाच नव्हती. पुन्हा फुस्स. सभागृह चिडीचूप. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

त्यांनी ट्रम्पेट खाली ठेवलं. नसलेला पदर खोचला आणि वाकून नसलेला मोदक वाढला. मग पलीकडे बसून, ताटावर हात आडवा धरून कण्हले, "पोदुम, पोदुम." पुन्हा पदर, पुन्हा तूप. तमिळमध्येच भांडत वाढलेली आमची पोरं आधी खिदळली, मग त्यांच्या आया, मग सगळं सभागृह. मेले माझ्याकडे बोट दाखवून हसत होते.

व्याही नक्कल अर्धी टाकून उभेच राहिले, ऐकत. मग मंचावरूनच त्यांनी लेकीला विचारलं, "हे खरं आहे ना?"

तिला हसू आवरत नव्हतं. म्हणून मीच मराठीत ओरडून सांगितलं, "खरं आहे हो, व्याहीबुवा. अगदी खरं."