आवाज पोटात घेणारी पेटी

विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या, म्हणजे त्यांत तांब्याची तार भरणाऱ्या बायका तशा कमीच. त्यामुळे नवखं गिऱ्हाईक तिच्या दुकानात शिरलं की आधी विचारतं, "मिस्त्री कुठे आहेत?" ती हातातली तांब्याची तार खाली न ठेवता म्हणते, "बोलतेय की तुमच्याशी." दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती होत नाही.

तिचे बाबा आयुष्यभर गायकांच्या मागे उभं राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवत आले. टाळ्या गायकाला, हार गायकाला. बाबांची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण आता डाव्या हाताची बोटं वळेनाशी झाली होती, आणि स्वतः बांधलेली एक धून रेकॉर्ड करायची इच्छा त्यांनी एकदा, चहा ओतता ओतता, बोलून दाखवली. लेकीने ती मनात पक्की धरली. बोटं थांबायच्या आत धून टिपली गेली पाहिजे.

घोडं अडलं अ‍ॅम्प्लिफायरपाशी. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. मोठ्याने वाजवला तरच खुलतो, आवाज कमी केला की तापातल्या माणसासारखा कण्हतो. मोठा केला की शेजारी दार ठोठावणार, आणि त्यांच्याही आधी आई. "कमी करा हो!" हे आईचं संसारभराचं पालुपद. बरं, स्पीकरच काढून ठेवावा तर अ‍ॅम्प्लिफायर जळतो, कारण त्याची ताकद कुठेतरी जिरावी लागते.

"मग स्पीकरच्या जागी जिरवणारं दुसरं काही बसवू," ती म्हणाली.

स्पीकरचा विजेला अडथळा आठ ओहमचा, म्हणून तिने आठ ओहमचे, वीज खाऊन नुसते तापणारे जाड रेझिस्टर लोखंडी पेटीत बसवले आणि पेटीतून एक वायर कॉम्प्युटरला दिली. मीटरवर आकडा चोख. बाबांनी हेडफोन लावून वाजवलं.

"छान आहे," ते म्हणाले.

पण बाबांना छान वाटलं की त्यांचे डोळे मिटतात. आत्ता ते टक्क उघडे होते.

"खरं सांगा, बाबा."

"अगं, गोष्ट सांगावी आणि समोरच्याने हुंकारच देऊ नये, तसं वाटतंय."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठ म्हणजे आठ, आणखी काय पाहिजे! दुसऱ्या दिवशी एका पंपात तार भरता भरता मात्र तिचा हात थांबला. गुंडाळलेली तार वीज नुसती खात नाही, ती उलट ढकलतेही. स्पीकरच्या पोटात कॉइलच तर असते. ती प्रत्येक सुराला वेगवेगळं अडवते, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला हुंकार मिळतो. रोज कॉइल भरणाऱ्या बाईने नेमकी कॉइलच विसरावी! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती एकटीच खो खो हसली.

मग तिने कॉइली भरल्या, जोडीला कपॅसिटर लावले, मनासारखं होईना तेव्हा उसवून पुन्हा भरल्या. लाकडी खोक्यातल्या स्पीकरचा घुमारा तेवढा कॉम्प्युटरमधून चढवला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बाबांनी हेडफोन लावून अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण चढवला. खोलीत फक्त तारांची बारीक टिकटिक. पहिल्याच सुराला बाबांचे डोळे मिटले. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

धून मध्यावर आली आणि स्वयंपाकघरात आईने मिक्सर लावला. लेक उठून धावणार होती, तोच तिच्या लक्षात आलं, खोलीत माइक आहेच कुठे? आईने खुशाल दळावं! बाबा वाजवत राहिले. एका जागी बोट अडखळलं, ते त्यांनी तसंच पुढे नेलं.

आई हात पुसत आली. "कधी सुरू करणार तुम्ही?"

"झालंसुद्धा," बाबा म्हणाले.

लेकीने हेडफोन आईच्या कानांवर चढवले आणि धून लावली. आई आधी उभी होती, मग खुर्चीवर टेकली. नवऱ्याचं वाजवणं कोणाच्याही गाण्याच्या मागे नसलेलं असं ती पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होती. डोळे भरून आले तरी तिने ते पुसले नाहीत.

बाबा घाबरत म्हणाले, "कमी करू का?"

"गप्प बसा," आई म्हणाली, आणि लेकीकडे वळली. "जरा वाढव गं."