गळलं नाही, तर मग काय?

तिसऱ्या वेळचा रक्ताचा रिपोर्टही 'गर्भ नाही' म्हणाला आणि घरात चौकशी समिती बसली. तिवशाजवळ आमची संत्र्याची बाग आहे. फळगळ झाली की कारण शोधायचं, यात आमचं घर पटाईत. वारा लागला, पाणी जास्त झालं, फांदी हलली. टेस्ट ट्यूबवाला गर्भ पिशवीत सोडल्यावर राहिला नाही म्हणजे तोही गळलाच असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. पहिल्या वेळी एसटीचे धक्के नडले, दुसऱ्या वेळी मी उचललेली बादली. तिसऱ्या वेळी मी नुसती पलंगावर पडून होते, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "शिंकली होतीस काय वं?"

शिंकले होते. त्या एका शिंकेपायी मला घास गिळवत नव्हता.

अमरावतीला डॉक्टर मॅडमना मी तेच विचारलं. त्या हसल्या नाहीत. "शिंकेनं गर्भ पडत नाही. तो रुजलाच नाही. पुष्कळदा गर्भातच काही कमी असतं, कधी पिशवीच्या अस्तरात. कधी आम्हालाही कळत नाही."

मला हायसं वाटलं आणि पाठोपाठ राग आला. मग पाठीला रग लागेस्तोवर मी पडून कशाला होते? पण डोक्यात पुढचा प्रश्न तयारच होता. गर्भात कमी असतं, ते येतं कुठून?

"दोघांकडूनही येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "चौथ्यांदा घाई नको. आधी दोघांच्या काही तपासण्या पुन्हा करू." मग ह्यांच्याकडे वळून, "तंबाखू खाता?"

ह्यांची तपासणी सुरुवातीला एकदाच झाली होती. आत्ताही गालात खर्रा होता, त्यामुळे नुसती मान हलली.

ह्यांचीही तपासणी म्हटल्यावर घरी सासूबाई चमकल्या. "त्याले काहून? त्याले काय झालं?"

"तेच तर पाहाचं आहे, आई," मी म्हटलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, उत्तर कुणाच्याही पदरात पडो.

दवाखान्यात नमुना देऊन हे बाहेर आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले.

"माह्यातच काही निंगालं त?"

मी त्यांच्या हातातली पावती घेऊन पर्समध्ये ठेवली. हे माझ्याकडे वळले.

"तुले दर खेपेले असंच वाटे काय?"

"हो," मी म्हटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडले.