अर्धी वाटी तेल

माझ्या भाऊजींची जीप लढाईतली होती. आधी कुठल्याशा फौजेने वापरली, मग जंगल खात्याने, आणि लिलावातून ती चंद्रपूरला भाऊजींच्या अंगणात आली तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. स्टिअरिंग डाव्या बाजूला. ताई पहिल्या दिवशी म्हणाली, "भंगार आणलं." पुढची दोन वर्षं ती हेच म्हणत राहिली.

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, कोळशाच्या खाणीत फिटर होते. मी शाळेत विज्ञानाचा मास्तर. रविवारी आम्ही दोघं जीपखाली पडलेलो असायचो. असले वेडे आमच्या भागात आणखीही होते. राजुऱ्याच्या एकाने जुनी मोटारसायकल बैठकीतच उभी केली होती आणि पाहुणे तिच्याभोवती सतरंजीवर बसत. पण भाऊजींचं वेड सगळ्यांत जालीम. जीपला जे मुळात होतं तेच हवं, साधा नटसुद्धा दुसरा चालायचा नाही. मी नव्या पार्टचं नाव काढलं की ते खेकसत, "नवीनच लावाचं असन तं नवीन जीप घे ना बे!"

ब्रेकच्या तेलाचा डबा मात्र ते फळीवर वेगळा ठेवत. त्याला लाल चिंधी बांधलेली होती. मला त्यांनी शंभरदा सांगितलं असेल, "ब्रेकात इंजिनाचं तेल नाई घालाचं. रबर फुगते. आधी चाक धरून ठेवते आन् मंग एकदम सोडून देते." मी शंभरदा हो म्हटलं होतं.

सिरोंच्याला एका लाकडाच्या ठेकेदाराकडे तशाच जीपचा सांगाडा पडला होता आणि त्यावरचं डॅशबोर्डाचं मीटर शाबूत होतं. शनिवारी जाऊन ते आणायचं ठरलं. गुरुवारी भाऊजींची दुपारपाळी होती. जाता जाता ते मला म्हणाले, "ब्रेकचं तेल भरून ठेव. आन् चाकं पुसून घे." मला राग आला. मी मास्तर माणूस, गावात लोक मला नमस्कार करतात, आणि हे मला क्लीनरसारखी कामं सांगतात! त्याच रागात मी डबा उघडला. तेल कमी पडलं. बाजारात जाऊन नवा डबा आणायला अर्धा तास लागला असता. शेजारी इंजिनच्या तेलाचा डबा होता. अर्धी वाटी टाकलं. तेल ते तेल, एवढ्याशाने काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं. त्याच आठवड्यात मी वर्गात द्रावणांचा धडा शिकवला होता.

शनिवारी सकाळी निघालो. आष्टीला चहाला थांबलो तेव्हाच मला जळका वास आला. भाऊजींनी पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"चाक तापून राह्यलं. काऊन तापते बे?"

"ऊन आहे ना भाऊजी," मी म्हणालो.

मला कळलं होतं. त्याच क्षणी, चहाचा ग्लास हातात असताना कळलं होतं. सांगितलं असतं तर भाऊजींनी चारचौघांत माझी अब्रू काढली असती, आणि फार तर आम्ही एसटीने घरी परतलो असतो. पण माझी जीभ उचलली नाही. भित्रा माणूस स्वतःलाच फसवतो. मीही म्हटलं, अजून तरी ब्रेक लागतोय ना.

आलापल्लीच्या पुढे सागाचं जंगल दाट झालं. तिथे एका म्हाताऱ्याने हात दाखवला. जंगलातल्या गावचा होता, डोक्यावर बोचकं. त्याला मागे बसवलं. थोडं पुढे गेल्यावर त्याने भाऊजींच्या खांद्याला हात लावला. रस्त्याकडेला एका झाडाखाली दगडांचा ढीग होता. त्या वाटेने जाणारा प्रत्येक गाडीवाला तिथे उतरून एक दगड ठेवी. बसचे ड्रायव्हरसुद्धा.

"भाऊ, थांबा. गोटा ठेवा लागते इथी."

भाऊजी हसले. "बाबा, आमच्यात देव नाई."

तरीही त्यांनी वेग कमी केला. म्हाताऱ्याला त्याचा दगड ठेवू द्यावा, एवढाच त्यांचा विचार असावा. मीच घाईने म्हणालो, "चला भाऊजी, उशीर होऊन राह्यला." उशीर कसला? गाडी थांबली असती तर त्यांनी पुन्हा चाकाला हात लावला असता, याची मला भीती होती. म्हातारा मागे वळून त्या ढिगाकडे बघत राहिला.

कोसभर पुढे नाला होता. उतार सरळ खाली रपट्यावर जायचा. रपटा म्हणजे आमच्याकडचा तो पाण्यालगतचा बुटका पूल, ज्याला कठडे नसतात. रपट्यावर एक बैलबंडी मधोमध चालली होती आणि बंडीत दोन बाया बसल्या होत्या. भाऊजींनी ब्रेक दाबला. पाय थेट खाली गेला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा खाली. हँडब्रेक ओढला, तो नावालाच होता.

"नाई लागून राह्यला," ते म्हणाले, अगदी हळू.

बंडी वाचवायला त्यांनी स्टिअरिंग डावीकडे मारलं. डावीकडे झाड होतं, आणि लढाईतल्या जीपमध्ये ड्रायव्हर डावीकडेच बसतो.

मला खरचटलंसुद्धा नाही. म्हातारा धुळीतून उठला आणि माझ्याजवळ आला. रागाने नाही, कीव येऊन म्हणाला, "गोटा नाई ठेवला ना."

भाऊजींचा पाय तीन ठिकाणी मोडला होता. दवाखान्यात प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या त्यांनी मला विचारलं, "तू तेल पायलं होतं ना?"

"हो. भरलं होतं."

मग ते म्हणाले, "मंग तो म्हातारा खरं म्हणत होता का बे?"

मी भिंतीकडे बघून म्हणालो, "असन."

जीप ट्रकवर घालून अंगणात आणली होती; ते घरी यायच्या आत मी एकट्याने ब्रेक खोलले. आतली रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती. ती इरई नदीत फेकली आणि नवी बसवली.

भाऊजी लंगडत का होईना पुन्हा गाडी चालवू लागले. आता ते प्रत्येक ढिगापाशी उतरत, लंगडत जात आणि दगड ठेवत. पुढे जीप काढण्याआधी नारळ आला. मग घरात एक फळी आली, तिच्यावर शेंदूर आला. आमच्या बाबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन देव्हारा उचलून इरईत सोडला होता. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या भावाशी वैर घेतलं होतं. जावई दगड पुजतो हे कळल्यावर त्यांनी लेकीच्या घरचं पाणी पिणंही बंद केलं. ताई माझ्याकडे येऊन रडली. "तू समजाव त्यायले. तू सायन्सचा मास्तर." मी गेलो, चहा प्यालो, जीपच्या हूडबद्दल बोललो आणि परत आलो. मला माझी लाज वाटत होती, पण लाजेने तोंड उघडत नाही, उलट जास्त घट्ट मिटतं.

बाबा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा ताई त्यांना बघायला आली. भाऊजींना आत घ्यायचं नाही असं बाबांनी आधीच बजावलं होतं. ते बाहेर जीपमध्ये बसून राहिले. बाबांनी माझा हात धरला. त्या हातात जोर उरला नव्हता.

"जवाई गेला हातचा," ते म्हणाले. "तू तरी नाई झुकला त्या गोट्यापुढं. माह्या घरात एक माणूस तरी राह्यला."

ताई पायाशी बसून माझ्याकडे बघत होती. खिडकीतून जीपची डावी बाजू दिसत होती आणि भाऊजींचा बाहेर लांब केलेला पाय. एका वाक्याचं काम होतं. मी मान डोलावली, आणि बाबांनी समाधानाने डोळे मिटले.