शेवटच्या अक्षरापासून

पेंटरकाका मुळात डावखुरे. लग्नाच्याच वर्षी ते पाट्या रंगवायला शिकले, तेव्हा ओला रंग मनगटाने फासला जातो म्हणून उस्तादांनी त्यांचा हातच बदलला. पुढे चाळीस वर्षं सगळं उजव्या हाताने. अक्षर नेटकं, पण कुणाचंही वाटावं असं.

एके दिवशी उजवा खांदा आखडला, आणि पाटी तर संध्याकाळी द्यायची होती. काकांनी ब्रश डाव्या हातात घेतला आणि रंग फासला जाऊ नये म्हणून शेवटच्या अक्षरापासून मागे मागे येत नाव रंगवलं.

"काका, गाडी रिव्हर्समध्ये?" शेजारचा शिंपी म्हणाला.

अक्षरं ऐटीत झुकलेली उतरली. डबा घेऊन आलेली बायको पाटीसमोर थबकली.

"लग्नाआधीची तुमची पत्रं याच अक्षरात होती," ती म्हणाली. "मला आजवर वाटायचं, दुसऱ्याच कुणाकडून लिहून घेतलीत."