टेकवलेला तांब्या

दिवाळीच्या तोंडावर सोनामावशी केरसुण्या विकायला दारात येते. तिनं बांधलेली केरसुणी आपण लक्ष्मी म्हणून पुजतो, चुकून पाय लागला तर नमस्कार करतो. पण बांधणारीला हात लागू नये म्हणून जपतो. सगळीच घरं तशी नसतात म्हणा. माझ्या माहेरी आई केरसुणीवालीला ओसरीवर बसवून आपल्याच कपात चहा द्यायची. सासरी मात्र सासूबाई वरून पाणी ओततात आणि मावशीनं खाली ओंजळ धरायची. तांब्यात उरलेलं पाणी केरसुणीवर शिंपडायचं, मगच ती घरात घ्यायची. आई काय, सासूबाई काय, दोघी सारख्याच मायाळू. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

यंदा सासूबाईंचा हात फार कापत होता. पाण्याची धार ओंजळीत पडेना, मावशीचं लुगडं भिजलं.

"आई, टेकवा तांब्या माझ्या हातावर," मावशी म्हणाली आणि तिनं ओंजळ वर उचलली.

सासूबाई थबकल्या. मग त्यांनी तांब्या हळूच टेकवला. मावशीच्या चिरा पडलेल्या बोटांना त्यांची सुरकुतलेली बोटं लागली. मावशी पोटभर पाणी प्यायली, तोवर तांब्या जरासुद्धा हलला नाही.

तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. सासूबाई अंगणात गेल्या आणि त्यांनी ते तुळशीला घातलं.

यंदा लक्ष्मी कोरडीच घरात आली.